एकसष्टीच्या पाटावरून सहलीच्या बसपर्यंत : महाराष्ट्रातील टप्प्याच्या वाढदिवसाचा सामाजिक इतिहास

सारांश

वयाची साठ, पंचाहत्तर किंवा ऐंशी वर्षे पूर्ण होणे हा मराठी समाजात फार पूर्वीपासून समारंभाचा विषय राहिला आहे. मात्र हा समारंभ कोणी करावयाचा, कोणासाठी आणि कोठे, याची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत बदलली आहेत. घरात पाटावर बसून शांत करून घेणारा यजमान, सार्वजनिक सभेत थैली स्वीकारणारा पुढारी आणि मैत्रिणींसह सहलीला निघणारी निवृत्त शिक्षिका ही या बदलाची तीन रूपे होत. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेऊन, मित्रमैत्रिणींच्या सहलीमागे जन्मतारीख, शाळा आणि प्रवासाचा हक्क या तीन गोष्टींचा इतिहास उभा आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वाढदिवस, षष्ट्यब्दीपूर्ती, जन्मनोंद, सहल, मैत्री, स्त्रीशिक्षण

प्रस्तावना

२०२३ साली १ जून रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून सात निवृत्त शिक्षिका वेरूळ व दौलताबाद पाहण्यास एस.टी.ने निघाल्या. निमित्त साठाव्या वाढदिवसाचे होते. विशेष असे की, सातपैकी चौघींचा वाढदिवस एकाच दिवशी होता. त्या चौघी जुळ्या बहिणी नव्हत्या, त्यांची गावेही निरनिराळी होती; तरीही चौघींच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९६३ हीच तारीख होती. त्या चौघींपैकी एक प्रस्तुत लेखिकेची आई होय.

महाराष्ट्रातील वाचकास यात नवल वाटणार नाही. जून महिन्यात शाळा सुरू होते, मुलाला शाळेत घालण्यास आलेल्या पालकांना जन्मतारीख सांगता येत नाही, आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून ही तारीख लिहून मोकळे होतात, हा अनेक पिढ्यांचा अनुभव आहे. राज्यात ३१ मे रोजी मोठ्या संख्येने शासकीय कर्मचारी निवृत्त होतात, त्याचे मूळही याच लेखणीत आहे. आजीच्या सांगण्यानुसार आईचा जन्म ‘चीनच्या लढाईनंतरच्या श्रावणात’ झाला. म्हणजे १९६३ हे साल बरोबर, दिवस मात्र शाळेचा.

त्या दिवशीच्या सहलीकडे घरगुती हौस म्हणून पाहता येते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तीत काही प्रश्न दिसतात. साठ हाच आकडा का? वाढदिवस घरी न करता बाहेरगावी का? आणि नातेवाइकांऐवजी मैत्रिणी का?

उद्दिष्टे व पद्धती

टप्प्याच्या वाढदिवसाच्या परंपरागत स्वरूपाचा परिचय करून घेणे, एकोणिसाव्या व विसाव्या शतकात त्यास आलेले सार्वजनिक रूप तपासणे आणि समवयस्कांच्या सहलीची ऐतिहासिक पूर्वपीठिका शोधणे ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, लिखित सामग्रीस वरील सहलीतील सहभागी स्त्रियांशी झालेल्या संभाषणाची जोड दिली आहे. या स्त्रियांची नावे हेतुतः दिलेली नाहीत.

१. संवत्सराचे वय

साठ या आकड्याचे महत्त्व पंचांगात आहे. प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरांची नावे असून साठ वर्षांनी हे चक्र पूर्ण होते. ज्या संवत्सरात मनुष्य जन्मला, ते संवत्सर त्याच्या आयुष्यात दुसऱ्यांदा येते तेव्हा त्याची साठ वर्षे भरलेली असतात आणि एकसष्टावे लागते. म्हणून षष्ट्यब्दीपूर्तीलाच व्यवहारात एकसष्टी म्हणतात. सहस्रचंद्रदर्शनाचे गणितही असेच आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. एक हजार पौर्णिमांस सुमारे ८० वर्षे व १० महिने लागतात. परंपरेत पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री अशा निरनिराळ्या शांती सांगितल्या आहेत.

येथे ‘शांत’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. हा विधी आनंदोत्सव म्हणून सुरू झालेला नाही. वयाचा टप्पा ओलांडणे धोक्याचे मानले जाई, आणि तो धोका शमविण्यासाठी होम, अभिषेक, दान ही योजना होती. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही त्या वयाविषयीच्या साशंकतेतूनच आली आहे. कालांतराने शांतीला गोडाधोडाच्या पंगतीची, आप्तेष्टांच्या गर्दीची आणि एकसष्ट दिव्यांनी ओवाळण्याची जोड मिळाली.

या विधीची रचना पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, त्याचा केंद्रबिंदू बहुधा पुरुष यजमान असे आणि पत्नी त्याच्या शेजारी बसे. सहस्रचंद्रदर्शन स्त्रीचेही केले जाते. परंतु साठीच्या पाटावर स्त्रीचे स्थान पतीच्या वयावर आणि त्याच्या असण्यावर अवलंबून होते. दुसरी, सोहळा मुले करीत. ज्याचे वय मोजले जाई त्याने स्वस्थ बसावयाचे असे. तिसरी, हा विधी ज्यांच्या घरी पंचांग, पुरोहित व पैसा होता त्यांचा होता. ज्यांचा जन्म कोणत्याही पत्रिकेत नोंदला गेला नाही, त्यांचे संवत्सर परत आल्याचे कोणास कळणार?

प्रवासाची जोड या विधीस काही ठिकाणी आहे. तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर येथील अमृतघटेश्वर मंदिरात साठी, सत्तरी व ऐंशीचे विधी करण्यासाठी दूरवरून दांपत्ये येतात. मात्र तोही प्रवास कुटुंबाचाच असतो.

२. सार्वजनिक साठी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वयाच्या टप्प्यास सार्वजनिक अर्थ प्राप्त झाला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचे सुवर्ण व हीरक महोत्सव अनुक्रमे १८८७ व १८९७ साली साम्राज्यभर साजरे झाले, आणि वर्षे मोजून समारंभ करण्याची ही रीत सर्वपरिचित झाली.

या सरकारी सोहळ्यांच्या जोडीनेच लोकांनी आपल्या माणसांचे सोहळे सुरू केलेले दिसतात. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात जोतीराव फुले यांचा सत्कार होऊन त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी तेव्हा साठी ओलांडली होती. पुरोहिताचे मध्यस्थपण आयुष्यभर नाकारणाऱ्या या पुरुषाचा साठीनंतरचा सन्मान शांतीविना, श्रमिकांच्या वस्तीत आणि लोकांच्या हातून व्हावा, ही घटना टप्प्याच्या वाढदिवसाच्या इतिहासात महत्त्वाची मानावी लागते.

दुसरे उदाहरण लोकमान्य टिळकांचे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, शके १७७८, नल संवत्सरातील. शके १८३८ मध्ये नल संवत्सर पुन्हा आले आणि २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात गायकवाड वाड्यात त्यांची एकसष्टी साजरी झाली. धार्मिक विधी व जाहीर सत्कार हे दोन्ही त्या दिवशी एकत्र आले. लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली व टिळकांनी ती राष्ट्रकार्यास देऊन टाकली. त्याच दिवशी सरकारनेही आपली भेट पाठविली. बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन का घेऊ नयेत, अशी ती नोटीस होती. या प्रकरणात बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खालचा हुकूम रद्द केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वाढदिवसाचा सुवर्णमहोत्सव एप्रिल १९४२ मध्ये मुंबईत त्यांच्या अनुयायांनी साजरा केला, तोही याच परंपरेतील होय. या तिन्ही प्रसंगी कुटुंबाची जागा समाजाने घेतली. तथापि एक गोष्ट पूर्वीसारखीच राहिली. सत्कारमूर्ती आसनावर बसलेली, आणि इतर लोक तिच्याकडे आलेले. सत्कारमूर्तीने उठून आपल्या बरोबरीच्या माणसांसह कोठे जावे, ही कल्पना अद्याप दूर होती.

३. सहलीचा हक्क

समूहाने प्रवास करणे महाराष्ट्रास नवे नाही. पंढरीची दिंडी हे त्याचे सर्वांत जुने व सर्वांत व्यापक रूप. तथापि यात्रेस पुण्याचे कारण लागते, सहलीस लागत नाही. पाहण्यासाठी, हिंडण्यासाठी, सोबतीसाठी प्रवास करावयाचा ही कल्पना रेल्वेनंतर रुजली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि १९०७ साली माथेरानला छोटी आगगाडी पोचली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही राज्य परिवहनाची पहिली बस सुटली आणि ‘एस.टी.’ हा शब्द मराठीत आला.

परंतु वाहन उपलब्ध होणे आणि प्रवास मोकळा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९३४ साली डॉ. आंबेडकरांच्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्यासह प्रेक्षणीय स्थळे पाहण्यास जाण्याची इच्छा व्यक्त केली. वाढदिवसाचा येथे संबंध नव्हता. चळवळीत एकत्र राबणाऱ्या माणसांनी चार दिवस एकत्र हिंडावे, एवढाच हेतू. सुमारे तीस जणांचा तो गट होता आणि वेरूळची लेणी पाहण्याचे निश्चित झाले होते. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबादच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर होती, किल्ल्याच्या प्रवेशद्वारापाशी पाण्याने भरलेला हौद होता. काहींनी तेथे हातपाय व तोंड धुतले. पाणी बाटविल्याचा आरडाओरडा होऊन जमाव जमला आणि प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतास गेले. अखेरीस किल्ल्यात कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही, या अटीवर गटास आत सोडण्यात आले आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हा प्रसंग नोंदविला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याआधी सात वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी झाला होता.

सहलीच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख सहसा होत नाही. तो व्हावयास हवा. मित्रांसह सहलीला जाण्याचे सुख ज्या साध्या गोष्टींवर उभे असते, म्हणजे वाटेत पाणी मिळणे, कोणाही शेजारी बसता येणे, मुक्कामास जागा मिळणे, त्या गोष्टी सर्वांना सारख्या उपलब्ध नव्हत्या. स्त्रियांच्या बाबतीत अडथळा निराळा होता. माहेर, तीर्थ आणि लग्नकार्य यांखेरीज घराबाहेर राहण्यास त्यांच्यापाशी मान्य कारणच नव्हते. मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा-फुगडी खेळण्यास समवयस्क सख्या एकत्र येत. पण रात्र सरली की सोबतही सरे.

४. हजेरीपटाची देणगी

येथे प्रस्तावनेतील १ जूनकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १८८६ साली झाला असला, तरी नोंदणी देशभर सक्तीची होण्यास १९६९ चा कायदा यावा लागला. दरम्यानच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रातील मुलामुलींना जन्मतारीख मिळाली ती शाळेच्या जनरल रजिस्टरातून. ही तारीख अनेकदा चुकीची होती. तरीही तिच्यावरून दाखला, नोकरी, निवृत्ती व निवृत्तिवेतन ठरले. पंचांगाने ज्यांना वय दिले नव्हते, त्यांना ते शाळेने दिले.

शाळेने आणखी एक गोष्ट दिली, तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. जुन्या समाजरचनेत माणसाचे बरोबरीचे सोबती बहुधा भाऊबंद, जातभाई किंवा शेजारी असत. एकाच वयाची, निरनिराळ्या घरांतील व जातींतील मुले एका बाकावर बसविणारी संस्था म्हणजे शाळा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा मुलींना अक्षराबरोबर मैत्रीणही मिळू लागली. पुढे हुजूरपागेची शाळा (१८८४), महर्षी कर्वे यांचे महिला विद्यापीठ (१९१६) आणि स्वातंत्र्योत्तर काळातील अध्यापक विद्यालये यांतून ही मैत्री घरापासून, जातीपासून काहीशी स्वतंत्र होत गेली. प्रस्तुत सहलीतील सातही जणी अशाच एका अध्यापक विद्यालयात एकत्र आल्या होत्या. ज्या हजेरीपटाने त्यांच्यातील चौघींना एकच कृत्रिम जन्मदिवस दिला, तशाच हजेरीपटाने त्यांना एकमेकींची ओळख दिली.

५. वय आणि तिकीट

गेल्या काही दशकांत वय व प्रवास यांचा संबंध शासन व बाजार या दोहोंनी घट्ट केला. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत मिळू लागली. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘केसरी’सारख्या संस्थांनी मराठी भाषेत, मराठी जेवणासह समूहसहलीची सोय केली, आणि केवळ स्त्रियांच्या सहली हा प्रकारही रूढ झाला. राज्य परिवहन महामंडळाने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांस मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस निम्म्या भाड्याची सवलत दिली. पंचाहत्तरीवरील योजनेस ‘अमृत’ हे नाव दिले गेले, हे पाहता ऐंद्री शांतीचा टप्पा आता एस.टी.च्या तिकिटावर आला, असे म्हणता येईल. याउलट रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, याचीही नोंद येथे करावयास हवी.

चित्रपटसृष्टीनेही हा बदल टिपला. हेमंत ढोमे दिग्दर्शित ‘झिम्मा’ (२०२१) या चित्रपटात एकमेकींस अपरिचित स्त्रिया सहलीच्या निमित्ताने इंग्लंडला जातात. ‘झिम्मा २’ (२०२३) मध्ये त्याच स्त्रिया इंदू या व्यक्तिरेखेच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसासाठी पुन्हा एकत्र येऊन सहलीला निघतात. ही भूमिका सुहास जोशी यांनी केली आहे. मंगळागौरीच्या खेळाचे नाव परदेशातील सहलीस दिले जावे, यात एका रात्रीच्या सोबतीचा विस्तार किती झाला हे दिसून येते.

६. दौलताबादच्या दारात

१ जून २०२३ रोजी एस.टी.च्या पहिल्या बसलाही ७५ वर्षे पूर्ण झाली होती. या योगायोगाची त्या सात जणींस कल्पना नव्हती. त्यांनी अर्ध्या तिकिटात प्रवास केला. पहाटे निघताना एकीच्या सुनेने विचारले की, घरी पूजा ठेवली असता आज जाणे जरुरीचे आहे का? त्यावर ती म्हणाली, पूजा परवा करू, मी आल्यावर. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या सोयीने तिथी ठरविली, असे तिने पुढे संभाषणात सांगितले.

दौलताबादच्या प्रवेशद्वाराशी त्यांच्यातील एकीने १९३४ चा प्रसंग इतरांना सांगितला. तिचे आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षेस गेले होते, आणि ही हकिगत तिने घरातच ऐकली होती. इतर सहा जणींपैकी पाच जणी ती प्रथमच ऐकत होत्या. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे आणि नोकरीत छत्तीस वर्षे एकमेकींस ओळखूनही हा विषय कधी निघाला नव्हता. ऊन फार होते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तिच्याच पिशवीतील पाण्याची बाटली सर्वांत फिरली आणि रिकामी झाली. आईने हे सांगताना कोणतेही भाष्य केले नाही. ‘पुढे वर चढवेना, म्हणून अर्ध्यातून परत फिरलो,’ एवढेच ती म्हणाली.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. टप्प्याचा वाढदिवस हा मूळचा शांतिविधी असून, एकोणिसाव्या शतकात त्यास सार्वजनिक सत्काराचे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून समवयस्कांच्या सहलीचे रूप आले. या स्थित्यंतरात ज्याचे वय मोजले जाते ती व्यक्ती प्रथमच कर्ती झाली. विशेषतः स्त्रीला पतीच्या साठीपासून वेगळी अशी स्वतःची साठी मिळाली. हा बदल केवळ पर्यटन व्यवसायाने घडविलेला नाही. त्यामागे जन्मनोंद, मुलींची शाळा, नोकरी, सार्वजनिक वाहतूक आणि सार्वजनिक पाण्यावरील हक्क यांचा दीर्घ इतिहास आहे.

अर्थात या चित्रास मर्यादा आहेत. ज्या स्त्रीने जन्मभर ऊस तोडला किंवा दुसऱ्याच्या शेतात खुरपले, तिला निवृत्तीचा दिवस नाही. जन्मतारखेचा पुरावा तिला लागतो तो सहलीसाठी नव्हे, श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षे पूर्ण झाल्याचे दाखविण्यासाठी. शाळा तिला मिळाली नाही, म्हणून तारीखही नाही आणि वर्गमैत्रिणीही नाहीत. टप्प्याच्या वाढदिवसाचा पुढील अभ्यास तिच्यापासून सुरू व्हावयास हवा.

आईचा खरा वाढदिवस श्रावणात कोणत्या तिथीस येतो, हे सांगू शकणारी आजी आता हयात नाही. सहलीनंतर आलेल्या श्रावणात घरी ठरल्याप्रमाणे पूजा झाली. त्या पूजेस तिने सहाही मैत्रिणींना बोलावले होते.